न मोजलेला श्वास

या, असे इकडे या, माझ्याजवळ बसा. तिथे उंबऱ्याला टेकून अर्ध्या कानाने ऐकायचं असेल तर मी आपली सुपाऱ्या सोलत बसते. आणि हे काय हो, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही तर तुमची मान डोलायला लागली? ही फार वाईट खोड आहे तुम्हा शिकलेल्या माणसांना. समोरचा बोलायच्या आधीच तुम्हाला पटलेलं असतं. आमच्या शेजारच्या सिस्टरबाई इथे असत्या तर त्यांनी तुम्हाला उभं केलं असतं आणि विचारलं असतं, "काय पटलं, तेवढं सांगा." मग तुमची जी तारांबळ उडाली असती ती मी मजेत बघितली असती. पुष्कळ जणांची बघितली आहे.

न्हावा शेव्यापासून श्रीवर्धनपर्यंत अख्खा किनारा पालथा घातलात तरी आमच्या सिस्टरबाईंइतकी संशयी बाई तुम्हाला सापडायची नाही. माणसांवर त्यांचा भारी विश्वास. दाराला नुसती कडी लावून त्या चार दिवस अलिबागला जाऊन येतात. पण कोणी आकडा सांगितला की बाईंचे डोळे बारीक होतात. कुणी म्हणालं, "सिस्टर, आज फार उकडतंय," तर लगेच, "कालपेक्षा? काल किती होतं?" पाहुण्याने "जेवण छान झालंय" म्हटलं तर "काय छान झालंय? आमटी की भात?" पाहुणा बिचारा पुन्हा जेवायला बसल्यासारखा आठवत राहतो. त्यांचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. विहारात ते मुलांना सांगायचे, मोठ्यांनी सांगितलं एवढ्यावरून काही खरं मानू नका, तपासून बघा. आणि घरी मात्र उलट शब्द काढलेला त्यांना खपायचा नाही. सिस्टरबाई म्हणतात, "मी दोन्ही ऐकलं आणि दोन्ही तपासून बघितलं. विहारातलं टिकलं."

त्या आमच्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सिंगच्या पोरींना शिकवायच्या आणि मी तिथे आया होते. माझी शाळा तिसरीपर्यंतची. पुढचं वाचायला मी औषधांच्या बाटल्यांवर आणि केसपेपरवर शिकले, म्हणून माझं लिहिणं हे असं, बोलल्यासारखं होतं. दवाखान्यात मला सगळे मावशी म्हणायचे. सिस्टरबाईसुद्धा मावशीच म्हणतात, वयाने माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान असून. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, काय मायाळू बाई आहे. मिनिटभराने हात सोडून म्हणाल्या, "अठरा. ठीक आहे." तेव्हा कळलं की बाई माझे श्वास मोजत होत्या. माणसाला सांगून श्वास मोजला की तो वेगळाच घेतो, म्हणून नाडी धरल्याचं नाटक करायचं आणि नजर छातीवर ठेवायची, ही त्यांची पद्धत. तेव्हापासून मी बघते आहे, ज्याचा हात सापडेल त्याचा त्या धरतात. एसटीचा कंडक्टर, तलाठी, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे मोजून झालेत. माझ्या पुतण्याच्या लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून पुढे गेल्या आणि नवरदेवाचं मनगट धरून उभ्याच राहिल्या. मागे रांग खोळंबली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मावशी, सत्तावीस."

मी म्हटलं, "अहो, घाबरला असेल. लग्न आहे त्याचं."

"घाबरलेला माणूस उगाच हसतो. हा हसत नाहीये. कपाळाला हात लावून बघा."

कपाळ तव्यासारखं. मलेरिया निघाला. लग्न लागलं आणि वरात तशीच बँड लावून दवाखान्याच्या दारात आली. माझी सूनबाई अजून म्हणते, माझा गृहप्रवेश तपासणीच्या खोलीत झाला.

श्वासाचंच एवढं वेड कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण आहे. कुठल्याही वॉर्डात जा, खाटेला चार्ट अडकवलेला असतो. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब, श्वास यांचे चौकोन. ताप यंत्र सांगतं, नाडी बोटाला लागते. श्वास मोजायला मात्र पूर्ण मिनिट माणसासमोर उभं राहावं लागतं, आणि तीस खाटांच्या वॉर्डात ते मिनिट कोणाकडे असतं? म्हणून सगळीकडे वीस. म्हातारा वीस, पोरगी वीस, दमेकरी वीस. पोरी आदल्या चौकोनात वीस बघायच्या आणि पुढच्यात वीस लिहायच्या. यात कोणी वाईट नव्हतं हो. रिकामा चौकोन दिसला की ओरडा बसायचा आणि भरलेल्या चौकोनाला कोणी विचारायचं नाही, मग पोरी काय करतील?

सिस्टरबाई विचारायच्या. आणि विचार करायला शिकवावं कसं, याच्या त्यांच्या तऱ्हा अशा की वरची माणसं डोक्याला हात लावायची. नवी बॅच आली की पहिला तास मासळी बाजारात. पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी नाकाला रुमाल लावून चिखलात उभ्या, आणि सिस्टरबाई कोळणीला विचारतायत, "हा ताजा कशावरून?"

कोळीण खवळली. "बाय, घ्याचा तं घे, न्हाय तं फुरं हो. माशाला काय जन्माचा दाखला देऊ?"

"घेते. पण तू स्वतः लिलावात घेतेस तेव्हा कशावरून घेतेस, ते या पोरींना सांग."

मग कोळणीला चेव चढला. सुरमई उचलून म्हणाली, "डोला बघाचा. कल्ला उघडून रगत बघाचा. आन बोट दाबून बघाचा. बरफातला डोला फसवतो गो, चकचक करतो. पन तिन्ही मिलून खोटा बोलत न्हाय."

"लिहून घ्या," सिस्टरबाई म्हणाल्या. "एका खुणेवर माणूस बरा म्हणायचा नाही. ही बाई मासासुद्धा तसा घेत नाही."

त्या बॅचमध्ये म्हसळ्याच्या डोंगराकडची एक पोरगी होती. भात लावणाऱ्या घरातली, काळीसावळी, आणि हळू. हळू म्हणजे किती, तर बाकीच्या पोरी अख्खा वॉर्ड उरकून चहाला जायच्या तेव्हा ही चौथ्या खाटेपाशी. मेट्रनबाई दवाखान्याच्या मोठ्या, शिस्तीच्या, सगळा डोलारा त्यांनीच सांभाळलेला. त्यांनी सहा महिन्यांत निकाल देऊन टाकला, "ही नर्स होणारी नाही. परीक्षा झाली की घरी पाठवा." पोरीची आई एकदा तांदळाचं गाठोडं घेऊन आली होती, मेट्रनबाईंना द्यायला. त्यांनी घेतलं नाही. आई मला म्हणाली, "मावशी, आमच्या घरात नोकरीचं पयलं मानूस व्हनार व्हती ही. येवढी कशी वो मंद निघाली?" परत जाताना तिने ते गाठोडं डोक्यावर घेतलं, ते आणलं होतं त्यापेक्षा जड झाल्यासारखं.

त्याच सुमारास सिस्टरबाईंनी एक कारस्थान केलं. स्टेथोस्कोपच्या नळीत कापसाचा बोळा घट्ट कोंबून ठेवला आणि आठ पोरींना एका रुग्णाचा रक्तदाब घ्यायला पाठवलं. मला माहीत होतं, मी पडद्यामागे हसू दाबून उभी. सात पोरी आल्या, कानाला नळ्या लावल्या, फुगा दाबला आणि लिहून गेल्या. एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी, एकीने जरा कलाकारी करून एकशेअठरा. आठवी ही म्हसळ्याची. तिने तीनदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं, रुग्ण म्हणाला, "अगो, हात मोडतंस काय?" शेवटी ती चौकोन रिकामा सोडून रडत बाहेर आली. "सिस्टर, मला ऐकूच आलं नाही."

सिस्टरबाईंनी सगळ्यांसमोर नळीतला कापूस ओढून काढला. "सात जणींनी बहिऱ्या नळीतून एकशेवीस ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुमचे कान डोक्याला आहेत की वहीला? चूक झाली म्हणून मी रागावत नाही. 'कळलं नाही' एवढं लिहायची तुम्हाला लाज वाटली, त्याची मला धास्ती वाटते." आणि त्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "तू रडतेस कशाला? आज या वर्गात एकच चौकोन खरा आहे."

त्या दिवसापासून सिस्टरबाईंनी त्या पोरीला हाताशी घेतलं. तिला भरभर करायला शिकवतील असं मला वाटलं होतं. छे! उलट तीन प्रश्न दिले. काय दिसलं? काल काय होतं? माझं चुकत असेल तर ते कशावरून कळेल? खाटेपाशी उभं राहून मनात हेच म्हणायचं. पण पोरीचं खरं दुखणं वेगळंच होतं. तिला दिसायचं सगळं, पण डॉक्टरसमोर तोंड उघडायचं नाही. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत आमचं नाटक सुरू झालं. सिस्टरबाई गळ्यात टॉवेल अडकवून डॉक्टर व्हायच्या, मी बाकावर आडवी होऊन रुग्ण, आणि ती पोरगी समोर उभी. सिस्टरबाई गरजायच्या, "काय आहे? लवकर बोला! मला दहा कामं आहेत!" की पोरीच्या डोळ्यांतून धारा. मी आडव्या आडव्या म्हणायची, "अहो, रुग्ण मरायला टेकलाय, जरा हळू ओरडा." असे किती दिवस गेले कोण जाणे. मला त्या बाकावर झोपसुद्धा लागायला लागली. पण एक दिवस पोरगी एका दमात सगळं बोलली आणि डॉक्टर झालेल्या सिस्टरबाईंनी गळ्यातला टॉवेल काढून ठेवला.

नऊ नंबरच्या खाटेवर तेव्हा एक सुपारी काढणारा होता. पोफळीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजनं टांगलेली. पडल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी ही पोरगी माझ्याकडे धावत आली. "मावशी, तुमच्या घड्याळात बघा हो. माझं चुकत असेल." मी घड्याळ धरलं, तिने मनगट. तो गडी हसून म्हणाला, "अगो, मी बरा हाय. जरा गरम व्हतंय, येवढंच." मिनिट संपलं. बत्तीस. चार्टवर सकाळचे वीस होते, कालचे वीस, परवाचे वीस. मी म्हटलं, आता ही पुन्हा रडणार. ती सरळ फोनपाशी गेली. डॉक्टर जेवायला बसलेले. इकडे ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "चार्टवर किती आहे?"

"वीस, सर."

"मग?"

"सर, वीस सगळ्यांनाच आहेत. हे मी पूर्ण मिनिट मोजलेत, घड्याळ मावशींनी धरलं होतं. बत्तीस आहेत. सकाळी ते मला सिस्टर म्हणत होते, आता लेकीच्या नावाने हाक मारतायत. माझं चुकत असेल तर तुम्ही येऊन मोजा."

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या बोटांना भात चिकटलेला होता. त्यांनी बघितलं मात्र, त्यांचा चेहराच उतरला. मोडलेल्या हाडातलं काहीतरी रक्तातून फुप्फुसात गेलं होतं. प्राणवायू लावून अलिबागला, तिथून मुंबईला. माणूस वाचला. काही आठवड्यांनी काठी टेकत आला आणि त्या पोरीच्या पाया पडायला लागला तेव्हा ती पळून लिननच्या, म्हणजे चादरींच्या खोलीत लपली. मेट्रनबाई म्हणाल्या, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली." तिला घरी पाठवायचं त्यांनी काही रद्द केलं नाही.

आणि मग तपासणी आली. नर्सिंग शाळेची मान्यता त्यावर अवलंबून. आदल्या दिवशी मेट्रनबाईंनी सगळे जुने चार्ट काढायला लावले, रिकामे चौकोन भरून टाका म्हणून. दरवर्षीची रीत होती ती. दिवसपाळीला निळी शाई, रात्रपाळीला लाल, आणि पेनं आणून देणारी कोण, तर मीच. खोटं कशाला बोलू? दरवर्षी मीच आणायची. एकाच पेनाने सगळं लिहिलं तर कळेल, म्हणून दोन-तीन कंपन्यांची आणण्याची अक्कलसुद्धा माझीच. पोरी गोल करून बसल्या आणि भराभर वीस, वीस, वीस. तेवढ्यात म्हसळ्याच्या पोरीच्या हातात नऊ नंबरच्या खाटेचा चार्ट आला. ती हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, हे तर या दोन दिवसांत मुंबईला होते. इथे त्यांचा ताप लिहिलाय. नाडी लिहिलीय. श्वास वीस, झोप शांत." म्हणजे माणूस तिकडे मुंबईत मरणाशी झुंजत होता आणि इकडे आमच्या वॉर्डात त्याची रिकामी खाट शांत झोपून वीस श्वास घेत होती.

पोरी खदखदून हसल्या. मीही हसले. सिस्टरबाई आधी हसल्या, मग त्यांचं हसू विरत गेलं. "पेनं खाली ठेवा," त्या म्हणाल्या.

मेट्रनबाई आल्या. दोघींचं भांडण झालं नाही, हेच मला जास्त लागलं. मेट्रनबाई इतकंच म्हणाल्या, "मान्यता गेली तर चाळीस पोरी घरी जातील. तुमच्या त्या पोरीसकट. त्यांच्या आयांना तुम्ही सांगणार आहात का, आमचे चौकोन खरे होते म्हणून?" सिस्टरबाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मला विचार करू द्या." मागच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी चहा नेऊन दिला, त्याच्यावर साय धरली. मी म्हटलं, "बाई, एवढा कसला विचार? वर्षाचा एक दिवस आहे." त्या म्हणाल्या, "मावशी, मी पोरींना सांगते, आपलं चुकत असेल तर शोधा. आता माझं काय चुकतंय ते शोधतेय. ती चाळीस म्हणते ते खोटं नाही. पण या चाळीसजणी उद्या चाळीस वॉर्डांत जातील. तिथल्या खाटांवरची माणसं कोणी मोजायची?"

आत येऊन त्यांनी पोरींना सांगितलं, आज भरलेल्या प्रत्येक आकड्यावर एक रेघ मारा, शेजारी 'मोजलेलं नाही' लिहा आणि सही करा. जुने रिकामे आहेत ते रिकामे राहू देत. आणि एक कागद स्वतःच्या अक्षरात लिहिला, की हे सगळं माझ्या सांगण्यावरून झालं आहे, मुलींचा आणि मेट्रनचा दोष नाही. मेट्रनबाईंनी तो कागद वाचला, घडी घातली आणि तो घेऊन निघून गेल्या. त्यांचे डोळे भरले होते, हे मी बघितलंय.

तपासणीचे दोघे आले. चार्ट चाळता चाळता त्यांतल्या एकाने नेमकं म्हसळ्याच्याच पोरीला विचारलं, "ही जागा रिकामी का?" ती म्हणाली, "तेव्हा मी दुसऱ्या खाटेपाशी होते, सर. मोजलं नाही, म्हणून लिहिलं नाही." तो गृहस्थ म्हणाला, "मग मोजलेलं एखादं दाखवा." तिने नऊ नंबरचा चार्ट पुढे केला आणि त्याने तिच्याकडून सगळी हकिकत ऐकली, त्या बत्तीसची. शाळेची मान्यता राहिली, पण नोंदी अपुऱ्या असल्याचा शेरा बसला. ज्या पोरीची खुद्द तपासणीवाल्यांनी विचारपूस केली तिला घरी पाठवायची पुढे कोणाची छाती झाली नाही. शेऱ्याचं खापर मात्र कोणाच्या तरी डोक्यावर फोडायला हवं होतं, आणि कागद तर लिहून दिलेलाच होता. संस्थेने सिस्टरबाईंचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना लिननच्या खोलीत बसवलं. निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांनी चादरी मोजल्या. तिथेही धोबी म्हणायचा, "बाई, साठ आहेत," आणि बाई म्हणायच्या, "कशावरून?"

ती पोरगी आता तिकडे बंदराच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. अजून हळूच आहे म्हणे. तिच्या हाताखालच्या पोरी कुरकुर करतात की आमच्या सिस्टर चार्ट भरलेला बघून खूश होत नाहीत, खाटेपाशी येऊन स्वतः मोजतात. सणावाराला फोन येतो. सिस्टरबाई तिला "कशी आहेस" असं विचारत नाहीत, "आज काय दिसलं?" विचारतात आणि मग पाऊण तास ऐकत बसतात.

एकदा, अशाच सुपाऱ्या सोलत बसलो होतो, मी त्यांना विचारलं, "बाई, खरं सांगा, पस्तावा होतो का?" मला वाटलं, छे म्हणतील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाल्या, "होतो. मंगळवारी होतो. मंगळवारी सकाळी माझा तास असायचा."

त्यानंतर त्यांना वर्ग मिळाला नाही, कधीच नाही. गावात त्यांना फार मान आहे. कोणाला ताप आला, कोणाचं मूल रडायचं थांबेना, की सगळे त्यांच्याकडे जातात. पण त्या काही बोलल्या की सगळे म्हणतात, "व्हय सिस्टर, तुमी म्हनाल तसं." तोच त्यांना जाच. कोणीतरी "मला नाही पटत" म्हणावं म्हणून बाई आसुसलेल्या आहेत. मी आपली अधूनमधून मुद्दाम उलट बोलते, पण मी बत्तीस वर्षांची त्यांची ऐकणारी, माझा विरोध त्या लगेच ओळखतात. म्हणतात, "मावशी, हे तुम्ही मनापासून बोलत नाही आहात."

म्हणून हे सगळं लिहून तुम्हाला इतक्या लांबचं आमंत्रण. नर्सिंग शिकणारी तुमची कोणी लेक, भाची असेल तर तिला घेऊन या, नसेल तर एकटे या. गाडी सुपारीच्या वाडीपर्यंत येते, पुढे कोणीही घर दाखवेल. काही आणू नका. त्या तुमचा हात धरतील, तो धरू द्या. मग त्या काहीतरी सांगतील, ते नीट ऐका आणि नाही पटलं तर तोंडावर सांगा. मी शेजारीच असते, चहा मी आणीन. फक्त फार दिवस लावू नका, त्यांचं वय झालंय, माझंही. आणि जमलं तर मंगळवारी या.